जिवंतांचा रकाना

आमच्या गावाशी प्रुत नदी इतकी चिंचोळी, की पलीकडे कोंबडा आरवला तर अलीकडच्याला जाग यावी. युद्धानंतर तिच्या मधोमध हद्द आली: अलीकडे आमचा रुमानिया, पलीकडे सोव्हिएत देश. माझ्या शेजारणीची, झाम्फिरामावशीची, धाकटी बहीण वार्वारा पलीकडे दिलेली होती. ती पलीकडेच राहिली.

हाका मारायला बंदी होती, गाण्याला नव्हती. मका खुरपता खुरपता दोघी गाण्यातून बातम्या द्यायच्या: गाय व्याली, मुलगी झाली. पहाऱ्यावरच्या ठोंब्यांना काही पत्ता लागत नसे.

एकसष्टच्या उन्हाळ्यात त्यांची आई गेली. मावशी तापाने फणफणलेली. मला म्हणाली, "तूच जा गं. काठावर मर्तिकाचं गाणं म्हण, वार्वाराला कळू दे." त्या गाण्यात मेलेल्याचं नाव तिसऱ्या कडव्यात येतं. माझी दोन झाली आणि पलीकडून सैनिकाने हवेत गोळी झाडली. मी पळाले. घरी येऊन म्हणाले, "झालं सगळं नीट."

मावशी तापातून उठायच्या आतच पुराने वळणावरचा पलीकडचा काठ खाल्ला. नदी त्यांचं खाते आणि आमच्याकडे गाळ टाकते. वार्वाराची वस्ती टेकडीमागे हलवली. मावशी गातच राहिली, उत्तर काही आलं नाही.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आम्ही थडग्यांवर लाल अंडी नेतो आणि पाद्रीबुवांना प्रार्थनेसाठी नावांची चिठ्ठी देतो. एका रकान्यात जिवंत, दुसऱ्यात मेलेले. मावशीला लिहिता येत नसे, मीच लिहायचे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. जिवंतांत एकच नाव.

"मावशी, इतकी वर्षं झाली. आता तरी वार्वाराला..."

"तोंड आवर! जित्या माणसाला मेल्यांत बसवू? मुकाट्याने लिही."

नव्वद साली हद्द एका दिवसासाठी उघडली. मावशी सकाळी पूल ओलांडून गेली, संध्याकाळी परतली. वार्वारा दोन वर्षांपूर्वीच वारली होती. तिकडे चर्च बंद पाडलेलं, म्हणून देवाच्या तसबिरीमागे तिच्या चिठ्ठ्या होत्या, त्या भाचीने वाचून दाखवल्या. प्रत्येकीत जिवंतांत आई आणि मेलेल्यांत झाम्फिरा.

"परक्या बाईचा आवाज ऐकला म्हणे," मावशी म्हणाली. "आईसाठी तर मीच गायले असते ना! मग तिच्या लेखी मेलं कोण? मीच."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "मावशी, तिसरं कडवं झालंच नव्हतं गं."

त्यानंतर ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या ईस्टरनंतर ती चिठ्ठी घेऊन माझ्या दारात आली. वार्वाराचं नाव मी मेलेल्यांत लिहिलं. जिवंतांचा रकाना कोरा राहिला.

"असा मोकळा कसा द्यायचा?" मावशी म्हणाली. "घाल तुझंच."