सोडलेली दावी
पंचगंगेचं पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा मी दोन्ही म्हशींची दावी सोडली. जनावर मोकळं असलं की पोहून तरी जगतं, ही आमची रीत. पण त्या वाहून गेल्या. पूर ओसरल्यावर साहेब भरपाईच्या पंचनाम्याला आला.
"मेल्या कशावरून? फोटो दाखवा."
"अवो, वाहून गेल्या की! अख्ख्या गावानं बघितलंय."
"मग बेपत्ता लिहितो, त्याला भरपाई नाही. खुंट्यालाच मेल्या असत्या तर मृत लिहिलं असतं."
म्हणजे बांधून बुडवायच्या व्हय?  
यंदा पाणी पुन्हा गोठ्याला लागलं. नव्या म्हशीचं दावं सोडायला वाकलो, आणि माझाच हात क्षणभर थांबला.