अन्वरने लावलेले दिवे

करामा भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या अन्वर परकारने उजळल्या आहेत. मूळचा रत्नागिरीचा, बावीस वर्षं दुबईत. रस्त्यापलीकडून दिसत नाही ती पाटी कसली, असं तो म्हणायचा, आणि कुणी मंद दिवे मागितले की चिडायचा.

त्याची मुलगी नौशीन कॉलेजसाठी छोटी फिल्म करत होती. अवकाशात एकटी अडकलेली बाई, एवढीच गोष्ट. कागदाच्या लगद्याचं हेल्मेट तिने घरीच बनवलं आणि आत एक मिणमिणता पिवळा दिवा स्वतः सोल्डर करून बसवला. शूटिंगच्या आदल्या दिवशी अन्वरने, तिला न विचारता, तो दिवा उपटून कचऱ्यात टाकला आणि हेल्मेटभर लाल-हिरवी धावती एलईडी पट्टी फिरवली. नौशीन मैत्रिणींना घेऊन घरी आली, तेव्हा "यल्ला, आता बघा!" म्हणत त्याने बटण दाबलं.

मैत्रिणी फिस्सकन हसल्या. "अंकल, हे तर शवर्मा शॉप!"

अन्वरने बटण बंद केलं.

"इट्स ओके, अब्बा," एवढंच नौशीन म्हणाली.

कॉलेजात फिल्म दाखवली, तेव्हा तो पहिल्या रांगेत होता. हेल्मेटला पट्टी नव्हती. अंधारात त्या बाईचा चेहरा दिसत होता, त्याच मिणमिणत्या पिवळ्या दिव्यात. म्हणजे पोरीने कचऱ्यात हात घालून तो शोधला होता. अन्वरने मान खाली घातली. टाळ्या सुरू झाल्या म्हणून वर बघितलं, तर पडद्यावर नाव आलं होतं: लायटिंग, अन्वर परकार.