सुरेखाची वीस यंत्रं

खुटबावच्या उसात बिबट्याची चाहूल लागली की भोंगा वाजवणारी वीस यंत्रं होती. ती सांभाळायचं काम सुरेखाकडं. आयटीआय करून रांजणगावच्या कारखान्यात चार वर्षं लाइनवर उभी राहिलेली बाई. लग्नानंतर गावातच मिळालेली ही एकच नोकरी. प्रत्येक यंत्राला तळहाताएवढी सोलर प्लेट. दिवसा मिळेल तेवढ्या उन्हावर त्यानं चोवीस तास जागायचं.

डिसेंबरात आठवडाभर आभाळ हटलं नाही. पहाटे बारा यंत्रं मुकी. बाया गवताला निघायच्या त्याच वेळेला.

तिनं पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. "सर, दर मिनिटाला खबर पाठवण्यात बॅटरी संपतीय. दुपारी यंत्रांना पंधरा-पंधरा मिनिटं झोपू द्या, म्हंजी पहाटंला पुरंल."

"मॅडम, करारात मिनिट लिहिलंय. स्क्रीनवर ठिपके हिरवेच दिसले पाहिजेत."

तिनं न विचारताच वेळ बदलली. झोपेतल्या पंधरा मिनिटांत भोंगा वाजणार नव्हता. तिसऱ्या पहाटे पाटाच्या कडेचा भोंगा वाजला, आणि तिची सासू पार्वतीबाई चार बायांसह माघारी आली. सुरेखाला हायसं वाटलं.

दोनच दिवसांनी, भर दुपारी, म्हाळू आप्पांची शेळी उसात ओढली गेली. आप्पा सुरेखाच्या ओट्यावर येऊन बसले.

"भोंगा वाजला न्हाई, पोरी."

"दुपारचा मीच झोपवला हुता, आप्पा."

"अक्षदा शेळीपाशीच हुती," आप्पा एवढंच म्हणाले. अक्षदा त्यांची नात, सहा वर्षांची; ती थोडक्यात वाचली होती.

सुरेखानं ऑफिसला स्वतःच कळवलं. उत्तरात पत्र आलं : मिनिट पूर्ववत करा, यापुढं कोणताही बदल केल्यास जबाबदारी आपली. तिनं पुन्हा मिनिट केलं. दुसऱ्या पहाटे सात यंत्रं मेलेली. मिनिट ठेवलं तर पहाट उघडी, झोपवलं तर दुपार. नोकरी सोडली तर दोन्ही.

तिनं पुन्हा दुपार झोपवली. आता जेवण उरकून ती पत्र्याचा डबा घेऊन निघते आणि तो बडवत यंत्रांच्या रांगेनं चार वाजेपर्यंत फिरत राहते. ऊस दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर. काल आप्पा काठी घेऊन मागून आले.

"एकटी नगं फिरू."

"आभाळ हाय तवर फिरावंच लागंल, आप्पा."

खिशात ऑफिसचा फोन वाजत होता. तिनं तो वाजू दिला.