मखर झाडताना

माळ्यावरून गणपतीचं मखर काढलं, तर त्यावर उंदरांच्या लेंड्या. वनिता, माझी बायको, पाणी शिंपडायला गेली. मीच ओरडलो, "अगं, पुठ्ठा भिजेल! कोरडंच झाड." बंद खोलीत तिच्या तोंडाभोवती धूळ उठली, उन्हात चमकली. मला तर ती धूळ सुंदर वाटली.

पुढे तिला ताप आला, अंग मोडून आलं. डॉक्टरांना उंदरांचं सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं झालं. त्यांच्या लेंड्यांतले, मुतातले विषाणू धुळीबरोबर छातीत जाऊ शकतात. दम लागला तर लगेच आणा." मग मी फक्त तिचा श्वास ऐकत राहिलो. वस्तू जपायची सवय इतकी मुरलेली, की शेजारचं माणूस श्वास घेतंय हे लक्षातच राहत नाही.

आज कळलं, ताप साधाच होता. मी खिडक्या उघडल्या, मास्क आणि हातमोजे चढवले, जंतुनाशकाच्या पाण्याने माळा चिंब भिजवला आणि सगळं फडक्याने टिपून घेतलं.

"बाप्पाच्या वाहनाला एवढं घाबरलात?" वनिता खालून म्हणाली, आणि खो-खो हसत सुटली. तिला मुळीच धाप लागली नाही. मी शिडीवरच बसलो.