न हरलेल्या संघाचे शपथपत्र

तारखा आधी देतो, कारण तारखांनीच आमचा घात केला. सप्टेंबरचा पहिला रविवार ते नोव्हेंबरचा अखेरचा रविवार : संघ एकदाही हरला नाही. डिसेंबरचा पहिला सोमवार : त्याच संघाला अंतिम सामन्यातून वगळल्याचे जाहीर झाले. जानेवारीचा पहिला आठवडा : अंतिम सामना त्याच्याविना झाला. जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे. एक, गुप्त मतदान करणारे प्रशिक्षक. दोन, पत्रकार. तीन, ज्यांचे सूत्र कोणालाही दाखवले जात नाही असे संगणक. चार, प्रस्तुत लेखक.

दोन हजारच्या दशकातली ही हकिकत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ पापाटोएटोला मुलाच्या घरी मी राहायला आलो त्या आठवड्यातच कुंपणावर काठीचे दोन ठोके पडले आणि पलीकडून एका वृद्ध अमेरिकन गृहस्थाने विचारले, "तुम्ही वकील ना? मग सांगा, यंदा आमच्या संघाला हरवणार कोण?" बोलणे अर्थातच इंग्रजीत. मी पुण्याच्या जिल्हा न्यायालयातला निवृत्त बेंच क्लार्क, वकील नव्हे. पण ते "काउन्सेलर" म्हणत, आणि मी त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही. वाचकहो, आपणही केली नसती.

एका किवी परिचारिकेशी लग्न करून ते तरुणपणी इकडे आले होते. पेनरोजच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेले. पत्नी वारली, मूल नव्हते. उरले होते ते त्यांचे महाविद्यालय. तिथल्या फुटबॉल संघात ते चार वर्षे होते. "त्यांतली सहा मिनिटे मैदानावर," ते अभिमानाने सांगत. "बाकीचा काळ बाकाचे रक्षण केले." हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे. शिरस्त्राण घालून, चेंडू हातात घेऊन, एकमेकांवर तुटून पडण्याचा. माझी नात म्हणे, "आजोबा, इट्स नॉट इव्हन रग्बी." त्यावर ते तिला कुंपणावरून दम देत, "यंग लेडी, पुन्हा बोललीस तर माझ्या झाडाची लिंबे मिळणार नाहीत."

त्यांच्या महाविद्यालयाला राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या हयातीत एकदाही मिळाले नव्हते. आणि डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाविषयी जे सांगितले होते, त्यावरून पुढचा हंगाम गृहीत धरता येणार नव्हता. त्या वर्षी मात्र संघ सुसाट सुटला होता. माझ्या मुलाने त्यांच्या संगणकावर अमेरिकेतले समालोचन लावून दिले. रविवारी सकाळी आम्ही दोघे चहा घेऊन बसू. मला खेळातले काही कळत नसे. त्यांचा चेहरा वाचून मी निकाल ओळखायला शिकलो. शेवटचा सामना जिंकल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग तो सोमवार. न हरलेले संघ दोनांहून अधिक, अंतिम सामन्यात जागा दोन. निवड मतांनी आणि संगणकांनी. यांचा संघ बाहेर. मी पद्धत समजावून घेतली आणि माझे डोके फिरले. मत देणारे प्रशिक्षक स्वतःच स्पर्धेत उतरलेले! आपल्याच दाव्यात न्यायाधीश होता येत नाही, हे आमच्या कोर्टाच्या दारातल्या चहावाल्यालाही ठाऊक होते.

"मग तुम्ही काय कराल, काउन्सेलर?"

"प्रत्येक विभागाचा विजेता घ्या, बाद फेरी खेळवा. मैदानावर जो उरेल तो विजेता. मत कशाला हवे?"

"ते म्हणतात, मुलांच्या परीक्षा बुडतील."

"आणि खालच्या गटातल्या लहान महाविद्यालयांत?"

"तिथे बाद फेरीच खेळवतात."

"त्या मुलांना परीक्षा नसतात?"

ते इतके हसले की मला त्यांना खुर्चीत बसवावे लागले.

अंतिम सामन्याचे संघ निवडणाऱ्या मंडळाला मी अर्ज लिहिला. चौदा परिच्छेद. त्यासोबत त्यांचे शपथपत्र हवे, असा आग्रहही माझाच. सामन्यांच्या तारखा लिहिताना ते म्हणाले, "काउन्सेलर, तिकडे शनिवार असतो."

"आपण सामना ऐकला कधी?"

"रविवारी."

"मग रविवारच लिहा. शपथ स्वतःच्या माहितीची असते. तिकडचा शनिवार ही ऐकीव गोष्ट आहे."

इकडच्या वाचनालयात ठरलेल्या दिवशी जस्टिस ऑफ द पीस बसतात आणि कागद विनामूल्य साक्षांकित करून देतात. त्या दिवशी एक निवृत्त माओरी शिक्षिका होत्या. "किया ओरा," असा माओरीत नमस्कार करत त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिले आणि विचारले, "हे नेमके कोणाविरुद्ध आहे?"

"अजून ठरायचे आहे, मॅडम," आमचे शेजारी म्हणाले आणि उजवा हात वर करून उभे राहिले. एरवी काठीशिवाय त्यांना उभे राहता येत नसे.

मुलगा चिडला. "बाबा, त्यांना कशाला आशा लावता? कोण वाचणार आहे हे?"

वाचले. तीन ओळींचे उत्तर आले : शपथपत्रात नमूद केलेल्या एकाही दिवशी सदर महाविद्यालयाचा सामना झालेला नाही; सबब पत्राचा विचार करता येत नाही.

मी तो कागद घेऊन कुंपणाशी कितीतरी वेळ उभा होतो. तीस वर्षे तारखा लिहिणारा माणूस! वाचून दाखवला तेव्हा ते रागावतील असे वाटले. ते म्हणाले, "म्हणजे आपण एकही सामना खेळलो नाही. तरीच कोणी हरवले नाही." आणि मलाच चहा करून दिला.

मी त्याच दिवशी शनिवार घालून नवे शपथपत्र लिहिले. त्यावर सही व्हायची राहिली, कारण त्याच आठवड्यात त्यांना इस्पितळात नेले. अंतिम सामना आम्ही तिथेच मुलाच्या लॅपटॉपवर ऐकला, दोन परक्या संघांचा. ते कोणालाही शिव्या देईनात. मी देत होतो. "पोरांना बोलू नका," ते म्हणाले. "पोरे चांगली खेळताहेत." उत्तरार्धात ते डोळे मिटून पडले. मला वाटले, झोपले. तेवढ्यात त्यांनी विचारले, "ज्यांनी आम्हाला खाली टाकले, त्यांनी आमचा एखादा सामना पाहिला असेल का हो? अख्खा?"

कायद्यातल्या एवढ्या कलमांपैकी एकही माझ्या उपयोगी पडले नाही. मी त्यांचे पांघरूण नीट केले.

फेब्रुवारीत ते गेले. घर दुसऱ्यांना भाड्याने दिले गेले. अंगणात आता ट्रॅम्पोलिन आहे. लिंबे झाडाखालीच पडून सडतात, कारण नव्या मंडळींना ती आवडत नाहीत आणि आम्हाला मागायचा संकोच वाटतो.

त्यानंतर मी आणखी पत्रे लिहिली. मतदान गुप्त असल्याने माहिती देता येत नाही, असे मला कळवण्यात आले. ठीक आहे. कोणाला कितवा क्रमांक दिलात, हे मी आता विचारत नाही. बाद फेरी कधी सुरू करणार, हेही या पत्रापुरते विचारत नाही. ज्या ज्या मतदाराने त्या संघाला अंतिम सामन्याबाहेर ठेवले, त्याने स्वतःच्या नावानिशी, वर्तमानपत्रातून, एकाच शब्दात उत्तर द्यावे : आपण त्यांचा एक तरी सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता काय? होय की नाही?