वणव्या

६ एप्रिल. दोन दिवसांची मोहफुलं गच्चीवर पसरली आहेत. तासातासाला उलथी केली नाहीत तर खालून काळी पडतात. मधल्या वेळात कागद घेऊन बसले आहे. उद्या हिरामणची तेरवी, आणि वर्गमित्रांच्या वतीनं दोन शब्द मी लिहून वाचायचे असं ठरलंय. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझा हात सुटलेला — दुसरं कोण लिहिणार?

ते दोन शब्द तीनदा खोडले. आधी हे लिहावं लागेल. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगते.

एक सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. मी काही कुढत बसलेली बाई नाही. संसार चांगला झाला, पोरं मार्गी लागली, झोप छान लागते. या गोष्टीनं माझी झोप उडाली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं — पण नाही उडाली.

हिरामणचंही आयुष्य चांगलंच गेलं. सतरा वर्षं फौजेत काढून तो गावी आला, मग देवरीला बँकेत गार्ड झाला. पहाटे पाचला उठायचा, स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करायचा, दोन्ही पोरींच्या वेण्या घालायचा. वेण्या बापानं घातल्यात हे लांबून कळायचं, इतक्या आवळलेल्या. भरतीची तयारी करणाऱ्या गावातल्या मुलींना शिट्टी घेऊन रस्त्यावर पळवायचा. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, देवरीच्या बाजारात भाव करत असल्या की हा स्कूटर चालू ठेवून उभा, तोंडातून शब्द नाही. अंगणवाडीचा हातपंप बिघडला की पाना घेऊन यायचा आणि लांबूनच ओरडायचा, "का वो मॉनिटर, पोरं मोजून राहिली का?"

मॉनिटर. पन्नाशी उलटली तरी मला मॉनिटर म्हणणारा तो एकटाच होता. आणि त्याला सगळं गाव म्हणायचं वणव्या. पुढं वणव्या फौजी.

त्या नावाचीच तर गोष्ट आहे.

आमच्याकडे जंगलातल्या मोहाच्या झाडांना घरं वाटलेली असतात. कागदावर नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं — हे यांचं, ते त्यांचं. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा काढावा लागतो, म्हणजे पहाटे फुलं वेचता येतात. काढायच्या दोन रीती. एक झाडू घेऊन झाडणं, त्याला तास-दीड तास लागतो. दुसरी काडी लावणं. त्याला क्षण लागतो, पण मग राख थंड होईपर्यंत ओली फांदी हातात धरून तिथंच उभं राहावं लागतं. आणि जाळायचं ते अगदी सकाळी, वारा उठायच्या आत.

मी नववीत होते. रविवार होता. आईनं झाडायला पाठवलं होतं, जाळायला नाही. मी चुलीपासची काडीपेटी ओच्यात घातली आणि निघाले. वाटेत चारं पिकली होती, चारोळीची ती फळं खात बसले. झाडाशी पोचेपर्यंत दहा वाजले होते. काडी लावली. थोडा वेळ उभी राहिले. मग तहान लागली — नाला जवळच होता — म्हटलं, आत्ता येते.

परत आले तेव्हा जाळ आमचं झाड सोडून पुढं पळत होता. आणि मी काय केलं? फांदी तोडली? ओरडले? मी नाल्यानाल्यानं घरी आले, पाय धुतले आणि तांदूळ निवडत बसले.

हिरामण त्या बाजूला शेळ्या चारत होता. तो फांदी घेऊन एकटा भिडला. माणसं धावत गेली तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? काळं तोंड झालेला पोरगा, भाजलेला डावा हात आणि खिशात बिडीसाठी लपवलेली काडीपेटी. एवढं पुरलं. तरीही वनरक्षकाला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. गुरुजींनी वर्गाला विचारलं, कोणी काही पाहिलं का?

मला कोणी बोट दाखवून उठवलं नव्हतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं — हे नीट वाचा, मीही नीट लिहिते आहे. मी आपणहून उभी राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हिरामणनं काडी लावली. मी पाहिलं."

मॉनिटरनं पाहिलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? हिरामणनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो रागावलेला नव्हता. गणित न समजल्यावर फळ्याकडे पाहायचा, तसं पाहत होता.

वनरक्षकानं त्याला उन्हाळाभर जाळरेषा साफ करायला लावली — आग पुढं सरकू नये म्हणून जंगलात झाडून मोकळा ठेवतात तो पट्टा. बापानं त्याला शाळेतून काढलं. दहावी त्यानं वर्षभर मागे राहून केली. म्हणजे खरं तर आम्ही वर्गमित्र नववीपर्यंतच. आणि त्या उन्हाळ्यातच पोरांनी नाव ठेवलं — वणव्या.

फौजेतून तो पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा नुकतंच माझं लग्न झालं होतं, गावातच. तो आमच्या अंगणात आला, सासूबाईंच्या हातात अक्रोडाची पुडी दिली, चहा प्यायला. निघताना फाटकापाशी थांबला आणि हळू आवाजात म्हणाला,

"काऊन म्हटलं वो तसं?"

मी म्हटलं, "कायचं?"

तो हसला. म्हणाला, "काही नाही. अक्रोड फोडायले दगड घे, दात पाडून घेशील." आणि गेला.

त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. वनरक्षकासमोर मी पोर होते, भेदरले होते. फाटकापाशी कोण होते? चांगली बावीस वर्षांची बाई होते. पहिल्या खोट्यापेक्षा हे 'कायचं' मला जास्त आठवतं.

दोन वर्षांपूर्वी मोहाच्या दिवसांत मी आमच्या झाडाखाली झाडत होते. तो सायकलवरून चालला होता. उतरला, पाहत राहिला. म्हणाला, "जाळत नाही का वो?" मी म्हटलं, झाडते. "बरं करते," म्हणाला आणि पायडल मारलं. तो वर्षानुवर्षं म्हणायचा की त्या जाळरेषेनंच छाती भरली, नाहीतर फौजेत कोण घेतं. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं उशाशी ठेवलं होतं. पण ते त्याचं होतं. मी ते वापरायला नको होतं.

आता वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर सगळे मागे लागलेत. सकाळीच एकाचा फोन आला, "वणव्याचा किस्सा टाकजो, त्याच्याशिवाय हिरामण कायचा?" उद्या ऐकायला त्याची धाकटी असेल, वैशाली. ती वनरक्षक झाली आहे. तिच्या ऑफिसात चिडवतात — बापानं लावला, पोरगी विझवून राहिली. तीही हसते. बापासारखीच. हा किस्सा माझ्या अक्षरात एकदा वाचला गेला की तो कायमचा तिच्या बापाचा.

फुलं उलटायची वेळ झाली.

काल इथंच थांबले होते. पुढचं आज, ७ एप्रिलला संध्याकाळी लिहिते आहे.

सकाळी जेवणाआधी माईक माझ्या हातात आला. फौज, बँक, वेण्या, शिट्टी — सगळं वाचलं. वेण्यांवर लोक हसलेसुद्धा. मग वाचलं, "वणवा मी लावला होता. हिरामण विझवत होता. मी खोटं सांगितलं आणि ते त्याला माहीत होतं." कारणं लिहिली नव्हती, म्हणून वाचली नाहीत. कागद घडी करून वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला नाही, पदराखाली ठेवला.

मांडवात पंगत बसली. मीठ वाढायचं काम माझ्याकडे होतं, ते मी घेतलं. ओळीनं जात वैशालीच्या पत्रावळीपाशी आले. एरवी ती मला लांबून आत्या म्हणून हाक मारते.

"थोडंसंच," ती म्हणाली.

मी चिमूटभर वाढलं आणि पुढच्या पत्रावळीकडे गेले.