हयातीपर्यंतची नेमणूक

मावशी परवा परत आल्या. तोवर बाईंचं सगळं आटोपलं होतं. विमानतळावर त्यांना आणायला मी एकटीच गेले.

बाई एकेकाळी देशाच्या राष्ट्राध्यक्ष होत्या. पद सोडल्यावरही त्यांना परदेशातून बोलावणी यायची. कुठे निवडणुकीवर देखरेख, कुठे दोन देशांच्या भांडणात मध्यस्थी. अशा कामांसाठी सरकार माजी राष्ट्राध्यक्षांचा खर्च उचलतं. मावशी म्हणायच्या, "सरकारने बाईंना तीन गोष्टी दिल्यात. ऑफिस, तिकीट आणि मी." त्याच ऑफिसात मी भाषणांचे मसुदे लिहायचे. साहित्यात एम.ए. झाले म्हणून मावशी मला पदवीधर म्हणतात.

मावशी मूळच्या इस्पितळातल्या आया. बाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मावशी त्यांच्याच वॉर्डात होत्या. बाईंनी त्यांना तिथून मागून घेतलं. नेमणुकीच्या आदेशात पद होतं मदतनीस. मुदत होती माजी राष्ट्राध्यक्षांच्या हयातीपर्यंत. "म्हणजे बाईंनी शंभरी गाठली तर माझी चांदी," मावशी हसायच्या.

परक्या शहरातल्या हॉटेलात शिरलं की त्या आधी न्हाणीघरात टॉवेल अंथरायच्या, बाईंचा पाय घसरू नये म्हणून. मग शेकायच्या पिशवीत गरम पाणी भरायच्या. सभेत तिसऱ्या रांगेत बसायच्या, मांडीवर बाईंचा कोट. तिथली कुठलीच भाषा त्यांना येत नव्हती.

"भाषण लांबलं की बाईंचा उजवा पाय हलायला लागतो. मग मी खोकते. की त्या आवरतं घेतात," त्यांनी मला सांगितलं होतं. "तू लिहितेस फार, पदवीधर. माझा घसा बसतो."

बाईंना कवळी होती. ती लावल्याशिवाय त्या पोटच्या मुलालाही दार उघडत नसत. एकदा ऑफिसात, माझ्यासमोरच, मावशींना म्हणाल्या, "मी गेले तर आधी दात बसव. डॉक्टर नंतर."

"सकाळी सकाळी काय अभद्र बोलता, बाई!"

"अगं, फोटो काढतात ते लोक. बोळकं तोंड जगभर जाईल माझं."

आम्ही तिघी हसलो होतो.

या वेळचा दौरा एका नदीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन देशांसाठी होता. बैठकीच्या दिवशी सकाळी मावशी चहा घेऊन बाईंच्या खोलीत गेल्या. बाई गेलेल्या होत्या. अंग गार पडलं होतं.

मावशींनी कप खाली ठेवला आणि दाराला कडी घातली. एकदा फोन केला की खोली माणसांनी भरणार, मग आपल्याला कुणी जवळ जाऊ देणार नाही, हे त्यांना इस्पितळातल्या नोकरीने शिकवलं होतं. त्यांनी कोमट पाण्याने बाईंचं तोंड पुसलं. जबडा आखडला होता. तो हलक्या हाताने चोळत राहिल्या, उघडेपर्यंत. कवळी बसवली. हनुवटीखाली घडी घालून रुमाल ठेवला. केस विंचरले, पिना लावल्या. राखाडी कोट चढवला. मग फोन केला.

पोलिसांनी विचारलं, दार आतून बंद का होतं? कपडे कुणी बदलले? इतका वेळ काय करत होतात? दुभाषा मावशींचं उत्तर सांगत होता. पोलिसांना ते पटत नव्हतं.

आपल्या वकिलातीतला अधिकारी आला. त्याने नेमणुकीचा आदेश वाचला.

"मावशी, तुमची नेमणूक आज संपली," तो म्हणाला. "तरी शवपेटीबरोबर कुणीतरी लागतंच. तुम्हालाच पाठवलं असतं. पण आता पोलीस तुम्हाला सोडत नाहीत. आणि तुमच्यासाठी शब्द टाकायचा, तर आमच्याकडे तुम्ही आता कुणीच नाही."

पेटी विशेष विमानाने आली. मावशी तिथेच राहिल्या.

इकडे बाईंचा मुलगा ऑफिसात येऊन ओरडत होता, "आई तशी पडलेली, आणि ही बया कडी लावून वेणीफणी करत बसली!"

"बाईंनीच सांगितलं होतं त्यांना," मी म्हणाले. "माझ्यासमोर."

"तू गप्प बस. भाषणं लिही."

आता कुणाची भाषणं लिहायची, ते मला कळलं नाही.

मृत्यू नैसर्गिक होता, असा अहवाल तिथल्या डॉक्टरांनी दिला. मग मावशींना साध्या विमानात बसवून दिलं.

त्यांच्या घरी आल्यावर त्या खाटेवर बसल्या. बूट काढले नाहीत. मी चहा केला. त्यांनी कप हातात धरून ठेवला.

"गर्दी होती?"

"खूप होती."

"सगळ्यांनी पाहिलं ना बाईंना? तोंड नीट मिटलेलं होतं? मला धाकधूक होती. प्रवासात हलतं गं सगळं."

मला खोटं बोलता आलं असतं. सुचलंच नाही.

"पेटी उघडलीच नाही, मावशी. तिकडूनच सीलबंद आली होती."

"मुलानेसुद्धा नाही?"

"नाही."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मग लगेच फोन केला असता तर..." त्या म्हणाल्या. "आले असते गं मी बाईंबरोबर."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो हळूच काढून घेतला.

"जा तू आता. दार ओढून घे."

मी दार ओढून घेतलं. जिन्यात उभी राहिले. आत त्या रडतील असं वाटलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.